डबल बेलच्या आधी

त्रिशला शब्दांच्या बाबतीत भलतीच चिक्कू होती, आणि हा चिक्कूपणाच तिच्या नोकरीतला मुख्य गुण असल्यामुळे वर तिला शाबासकीही मिळायची. वडिलांना फोन केला तरी तिचं बोलणं ठरलेलं. "जेवलात? गोळी घेतलीत? बरं, ठेवते." पलीकडे अण्णांच्या ओठांवर गल्लीतल्या दोन भांडणांची आणि एका मोडता मोडता राहिलेल्या साखरपुड्याची हकिकत तयार असायची. ती तशीच घशाखाली जायची.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, जयसिंगपूरचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली बसलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून बोलण्याची सगळी थकबाकी वसूल करत होता. पत्नी गेल्यावर घरात ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा वसुलीचं ठिकाण बदललं. रोज सकाळी स्टँडासमोरच्या टपरीवर जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा कट्टा भरायचा, आणि तिथं अण्णांचा चहा नेहमी गार व्हायचा.

त्रिशलाचा संसार सांगलीत आणि नोकरी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. तिची कंपनी गुडघे बनवायची. म्हणजे बाहेरून बांधायचे: एक पट्टा मांडीला, एक पोटरीला, मध्ये मोटर, कमरेला बॅटरी. माणूस उठायला लागला की मोटर त्याच्या वजनातला वाटा उचलणार, जिना चढताना मागून ढकलणार, तोल गेला तर सांधा आवळून धरणार. अण्णांचा उजवा गुडघा क्लच दाबून नव्हे तर ब्रेक दाबून गेलेला, त्यामुळे कंपनीच्या पहिल्या काही गिऱ्हाइकांत ते होते.

या गुडघ्यात एक मोठा, शिकलासवरलेला प्रोग्रॅम होता. चालणं ओळखणारा, तोल सांभाळणारा, बाईच्या गोड आवाजात सल्ला देणारा. पण वीज लागली की तो काही लगेच डोळे उघडत नसे. त्याच्याआधी एक छोटासा प्रोग्रॅम उठतो, त्याला बूटलोडर म्हणतात, आणि तो त्रिशलानं लिहिलेला होता. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंधारात चाचपडत घर बघणाऱ्या माणसासारखं त्याचं काम. स्मृती शाबूत आहे का? मोटर जागेवर आहे का? मोठ्या प्रोग्रॅममध्ये कुणी परक्यानं हात घातलेला नाही ना? सगळं ठीक दिसलं की मोठ्याला हाक मारायची आणि आपण बाजूला व्हायचं.

हे करताना जे दिसलं ते तो टिपून ठेवतो. कंपनीत त्याला जागनोंद म्हणत. अडचण अशी, की टिपायच्या वेळी घरात काहीच लागलेलं नसतं. मोठी स्मृती उघडायची असते, नेट नसतं, घड्याळसुद्धा जुळलेलं नसतं. हाताशी टीचभर जागा. म्हणून तिथं वाक्यं लिहीत नाहीत, वाक्यांचे नंबर लिहितात. कुठल्या नंबरचं वाक्य कोणतं ते दुसरीकडे ठेवलेलं असतं. जागा भरली की सगळ्यात जुन्या नोंदीवर नवी चढते. शिवाय नोंदींच्या पायऱ्या असतात: बिघाड, इशारा, माहिती, आणि सगळ्यात खाली बडबड. बडबड फक्त कारखान्यातल्या तपासणीपुरती. गिऱ्हाइकाकडे यंत्र जाताना ती बंद करायची, कारण ती वेळ खाते, जागा खाते आणि डोकंही खाते.

पूर्वी या जागनोंदी कुणी वाचत नसे. मग काही शहरांत श्रवणयंत्रं अर्धवट जागी होऊन चुकीच्या आवाजावर अडकली, बोंबाबोंब झाली आणि कायदा आला. अंगावर बांधायच्या प्रत्येक यंत्रानं, जागं होताना काय तपासलं आणि काय सापडलं, हे माणसाला त्याच्या भाषेत मोठ्यानं सांगायचं. सांगितल्याशिवाय कामाला लागायचं नाही.

कायदा चांगला होता. फक्त त्यामुळे गल्लीत कुणाचं काय दुखतंय हे लपून राहिना. मिरजेत एका पाहण्याच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाच्या कमरेचा पट्टा कांदेपोहे येताच बंद पडला, परत सुरू झाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मणका चौथा. आधार पूर्ण." मुलीनं तिथल्या तिथं होकार दिला. म्हणाली, निदान याचं एक तरी आधीच कळलं.

गुडघ्याला आवाज कुणाचा द्यायचा, हा प्रश्न आला तेव्हा कंपनीचे मालक शीतल चौगुले म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला? नोंदी तुझ्या, तूच बोल." त्रिशलानं एका दुपारी बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून डोक्यावर वाकळ घेऊन सगळी वाक्यं बोलून दिली. "आठवण ठीक" या वाक्यामागे सासूबाईंच्या कुकरची शिट्टी बारीक ऐकू येते, ती काढायला वेळ मिळाला नाही. आणि आवाजाची जागा भरत आली तेव्हा तिनं कात्री चालवली. "घड्याळ अजून लागलेलं नाही" हे वाक्य काढून टाकलं. कोण विचारतंय? पडल्यामुळे बंद आणि बॅटरी निघाल्यामुळे बंद अशी दोन वाक्यं होती, त्यांचं एकच केलं: "मागच्या वेळी अचानक बंद." चौगुले खूश. शेवटी, मोठ्या प्रोग्रॅमकडे सूत्रं देताना खूण म्हणून तिनं दोन घंट्या ठेवल्या. टिंग टिंग. ती मात्र कुणालाही कापू दिली नाही.

अण्णांना हे न सांगता समजलं. कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय त्यांनी आयुष्यात गाडी हलवली नव्हती. ते रोज सकाळी खाटेच्या कडेला बसायचे, बॅटरीची खिट्टी लावायचे आणि गुडघ्यावर हात ठेवून ऐकायचे.

"आठवण ठीक. सांधा ठीक. बॅटरी ठीक."

टिंग टिंग.

मग उठायचे. पाठोपाठ मोठा प्रोग्रॅम जागा होऊन "नमस्कार भूपालजी! आज आपण आनंदानं—" असं सुरू करायचा, तोवर अण्णा मोरीपाशी पोचलेले असायचे.

हे सगळं सुखानं चाललं असतं, पण पुण्याला धन्यकुमार होता. त्रिशलाचा थोरला भाऊ. कारभारी माणूस. एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक असल्यामुळे कोणतीही गोष्ट मोबाइलवर अहवालात दिसली की ती खरी, असा त्याचा विश्वास. अण्णांच्या गुडघ्याचा अहवालही त्याच्याकडे जायचा. फोन करण्यापेक्षा ते सोयीचं होतं. अहवाल मध्येच खोकत नाही.

एका शनिवारी दुपारी त्रिशलाला त्याचा फोन आला. "जयसिंगपूरला ये. मी गाडी घेऊन आलोय. अण्णांना पुण्याला नेतोय."

ती पोचली तेव्हा दारात मोठी गाडी उभी, मागचं दार उघडं, आणि आत अण्णांची खाट मावते का हे धन्यकुमार वाकून बघत होता. अण्णा ओट्यावर, तोंड पलीकडे करून. 

"दादा, झालं काय?"

"काय झालं? तुला माहीत नाही? तुमच्याच कंपनीचा गुडघा!" त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. "बघ. संभाव्य पडझड, रात्री बारा. संभाव्य पडझड, रात्री बारा. सोमवार, मंगळवार, बुधवार दोनदा! माणूस रोज मध्यरात्री पडतोय आणि विचारलं तर म्हणतो, झोपलो होतो."

"झोपलोच हुतो," ओट्यावरून आवाज आला. "रात्री बाराला काय मी वडगावची गाडी काढतोय व्हय?"

"लपवतायत. आपल्याला त्रास नको म्हणून. तुझ्या वहिनीनं खोली रिकामी केलीय. अठराव्या मजल्यावर वारा बघा कसा येतो."

"वाऱ्याशी बोलू व्हय मी?"

हा प्रश्न विनोदानं विचारला होता, पण त्रिशलानं वडिलांकडे बघितलं आणि तिला तो विनोद वाटला नाही. स्टँडासमोरची टपरी पुण्याच्या अठराव्या मजल्यावर नेता येणार नव्हती. कट्ट्याशिवाय अण्णा म्हणजे पाटीखाली परत बसवलेले अण्णा.

तिनं अहवाल पुन्हा वाचला. मग हसली.

"हसतेस काय?"

"दादा, बरोबर बारा. एकदा नाही, दरवेळी. मिनिट नाही की सेकंद नाही. घड्याळ लावून कुणी पडतं का?"

"म्हणजे?"

आता बोलायचे पैसे पडत नव्हते, तरी तिला वाक्यं जमवायला कष्ट पडले. "गुडघा उठतो तेव्हा त्याचं घड्याळ जुळलेलं नसतं. ते शून्यापासून चालू होतं. शून्य म्हणजे बारा असं मोठ्या प्रोग्रॅमला वाटतं. नोंद सकाळची असू दे की दुपारची, पहिली ओळ बाराचीच. वार तेवढा अहवाल पोचतो त्या दिवसाचा."

"मग तसं लिहायला नको?"

"वाक्य होतं. मी काढलं. जागा नव्हती."

"एक वाक्य!" धन्यकुमारनं आभाळाकडे बघितलं. "लहानपणी पत्रसुद्धा असंच लिहायचीस. 'पोचले. त्रिशला.' आई चार दिवस विचार करत बसायची, कुठं पोचली."

पण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. म्हणाला, "बरं, बारा नसेल. पण पडझड तर आहेच की रोज? सकाळी पडतायत म्हण."

इथं अडचण खरी होती. तिनं दोन कारणांचं एक वाक्य केलं होतं. अचानक बंद म्हणजे माणूस आपटून बंद की नुसती बॅटरी निघून बंद, हे त्या नोंदीवरून आता कुणालाच, अगदी तिलाही, सांगता येत नव्हतं. आणि मोठा प्रोग्रॅम घाबरट, त्यानं प्रत्येकाला पडझड म्हणून टाकलं होतं.

"अण्णा, तुम्ही बॅटरी काढता का मध्ये?"

"मी कशाला काढू? ते काय खेळणं हाय व्हय?" अण्णा जरा जास्तच जोरात म्हणाले आणि पायरीवरच्या मुंग्या बघायला लागले.

"पडता का मग?"

"न्हाई म्हटलं न्हवं!"

धन्यकुमारनं हात झटकले. "झालं. उद्या दुपारपर्यंत मी आहे. तोवर मला खरं कारण दाखव. नाहीतर अण्णा गाडीत."

संध्याकाळी अण्णा भाकरी खात असताना त्रिशलानं त्यांचा गुडघा मांडीवर घेतला आणि लॅपटॉपची तार जोडली. आतली हिंदी आणि इंग्रजी वाक्यं काढून टाकली, तेवढ्या जागेत कारखान्यातल्या तपासणीची वाक्यं भरली आणि सगळ्यात खालची पायरी उघडली. बडबड. आता गुडघा सगळं टिपणार होता आणि कायद्याप्रमाणे टिपलेलं सगळं बोलणारही होता.

"काय करतीस गं?" अण्णांनी विचारलं.

"तपासणी," ती म्हणाली. आणखी चार शब्द खर्च केले असते तर पुढचा तमाशा टळला असता. पण सवय.

रविवारी सकाळी अण्णा गुडघा बांधून निघाले. रात्री तो नीट बंद केलेला होता, म्हणून बांधताना नेहमीपेक्षा जास्त काही बोलला नाही. भाऊबहीण मागून, जरा अंतर राखून. धन्यकुमार हात पुढे करूनच चालत होता, जणू वडील आत्ता कोसळतील आणि ते झेलायचे आहेत. अण्णा मात्र तालात. वाटेत दोघांना हाका मारल्या, एका रिक्षावाल्याला शिवी दिली, टपरीवर पोचून बाकड्यावर ऐसपैस बसले. बहीणभाऊ उसाच्या गुऱ्हाळाआड उभे राहिले.

कट्टा भरलेला होता. मध्यभागी कल्लाप्पा, अण्णांचे जन्माचे कंडक्टर, आणि त्यांच्याशेजारी कागलहून आलेले कुणी नवे पाहुणे.

"भूपाल, ह्यांनी ऐकलं न्हाई अजून," कल्लाप्पा म्हणाले.

"न्हाई?" अण्णांचा चेहरा असा फुलला, की पाहुण्यांना आपण काहीतरी मोठं चुकवलंय असं वाटलं. "मग ऐका. आमच्या पोरीनं केलंय. आवाज तिचाच. गप बसा रे सगळी!"

आणि त्यांनी कमरेची खिट्टी उघडली, बॅटरी काढली, सगळ्यांना दाखवली आणि परत लावली.

गुऱ्हाळाआड धन्यकुमारचा पुढे केलेला हात हळूच खाली आला.

"आठवण ठीक," गुडघा म्हणाला. मागे कुकरची बारीक शिट्टी.

"शिट्टी ऐकली? तिच्या सासूच्या घरची हाय!"

"सांधा ठीक. बॅटरी ठीक. मागच्या वेळी अचानक बंद." इथं डबल बेल व्हायची. अण्णांनी बोट वर करून ठेवलं होतं. पण बेल झाली नाही. "कारण: खिट्टी हातानं उघडली. धक्का नाही. पाय वाकलेला. माणूस बसलेला."

बोट तसंच वर. "आज काय झालंय हिला?" अण्णा म्हणाले, आणि यंत्र बिघडल्यावर जगातला प्रत्येक माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. बंद करून परत चालू केलं.

"कारण: खिट्टी हातानं उघडली. धक्का नाही. त्याच्या मागच्या वेळी: खिट्टी हातानं उघडली. धक्का नाही."

"आरं तिच्या!" अण्णांनी परत बॅटरी काढली, फुंकर मारली, परत लावली.

"खिट्टी हातानं उघडली. त्याच्या मागच्या वेळी: खिट्टी हातानं उघडली. त्याच्याही मागच्या वेळी: खिट्टी हातानं—"

कट्टा हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायला लागला. कागलच्या पाहुण्यांना ठसका लागला. "भूपाल," कल्लाप्पा डोळे पुसत म्हणाले, "थांब आता. जेवढ्यांदा काढशील तेवढ्यांदा पोरगी चाडी सांगणार!"

तेवढ्यात अण्णांना गुऱ्हाळाआडून येणारी दोघं दिसली. हातात बॅटरी. पळायची सोय नाही, कारण पाय बॅटरीवर.

"रोज हेच चालतं व्हय, कल्लाप्पा मामा?" त्रिशलानं विचारलं.

"रोज म्हंजे? नवा माणूस आला की एकदा. कुणी न्हाई आलं तर आम्हालाच परत ऐकवतोय. तोंडपाठ झालंय." मग ते जरा तिरके बघून म्हणाले, "तुझं बी काय चुकतंय सांगू का, बाय? फोनवर तीन शब्द बोलतीस. गुडघ्यावर तरी ह्याला सबंध वाक्यं मिळत्यात."

त्रिशलानं आपल्याच आवाजाला इतकी गिऱ्हाइकं कधी बघितली नव्हती. कंपनीत हीच वाक्यं कापल्याबद्दल टाळ्या मिळाल्या होत्या आणि इथं उरलेल्यांवर एक माणूस रोज सकाळी भाव खात होता.

"काल विचारलं तेव्हा सांगायचं नाही?" धन्यकुमार अण्णांना म्हणाला. चिडलेला होता, पण ओठ त्याचं ऐकत नव्हते.

"काय सांगू? पोरीचा आवाज ऐकवत हिंडतोय म्हणून? म्हातारं येडं झालं म्हणून त्येच्यासाठी बी नेला असतास पुण्याला." अण्णांनी बॅटरी लावली, या वेळी गुडघ्यावर हात ठेवून आवाज दाबत. "आणि तू कधी फोन करून विचारलंस? तुझ्याकडं अहवाल जातोय. मी न्हाई."

धन्यकुमार बाकड्याच्या कडेला बसला. चहा आला. तो त्यानं गार होऊ दिला, म्हणजे घराण्याचा गुण त्याच्यातही होता म्हणायचा. मग त्रिशलाला म्हणाला, "सगळी वाक्यं तूच बोललीस?"

"हो."

"मला एकसुद्धा नाही?"

हा प्रश्न विचारणारा माणूस गोदामात दीडशे लोकांना दमात घेतो, हे कट्ट्याला माहीत नव्हतं ते बरं झालं.

"जागा नाही, दादा," त्रिशला सवयीनं म्हणाली. मग म्हणाली, "बघते."

त्या दुपारी गाडी रिकामी परत गेली. अण्णांनी जाहीर केलं की पुण्याला आपण दिवाळीत येऊ, आठ दिवस राहू, वारा खाऊ. पण एसटीनं, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, म्हणजे चुकलं तर सांगता येतं. त्रिशलानं बडबड बंद केली. दोन कारणांची दोन वाक्यं परत वेगळी केली. मोठ्या प्रोग्रॅमला, बाराच्या ठोक्याला पडलेल्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं शिकवलं. चौगुल्यांनी विचारलं, एवढी जागा कुठून आणलीस? तिनं सांगितलं, गोड बाईचं 'आज आपण आनंदानं' काढलं. कुणाची तक्रार आली नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं अण्णांना फोन केला. "जेवलात? गोळी घेतलीत?" आणि मग, बरं म्हणायच्या जागी, "त्या साखरपुड्याचं काय झालं?" अण्णांनी आधी मोबाइल कानापासून लांब धरून नंबर तपासला. मग खुर्ची ओढली. सासूबाईंचा कुकर तीनदा झाला तरी फोन चालू होता.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी अण्णा खाटेच्या कडेला बसले, खिट्टी लावली, गुडघ्यावर हात ठेवला.

"आठवण ठीक," त्रिशला म्हणाली. शिट्टी. "सांधा ठीक. बॅटरी ठीक."

आणि मग एक पुरुषी आवाज, घसा खाकरून, गोदामातल्या सूचनेसारखा कडक: "घड्याळ अजून लागलेलं नाही."

अण्णा दचकले. मग इतके हसले की खाट हलली.

"तुझं कधी लागलंय रं!" ते गुडघ्याला म्हणाले. "शाळेला बी मीच सायकलवर सोडायचो."

टिंग टिंग.

अण्णा उठले, चपला घातल्या आणि जरा लगबगीनं स्टँडाकडे निघाले. आज कट्ट्याला ऐकवायला दोन आवाज होते.